दिवाळसणाची अंगठी आणि कार्डाचं बिल

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू फोनवर क्रेडिट कार्डाच्या कर्जाबद्दल इतक्या हळू बोलत होतास की आधी मला वाटलं, लाइनच खराब आहे. मग लक्षात आलं, तू गॅलरीत उभा होतास आणि आत आई चहा करत होती. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. हे घाईघाईत बोलण्यासारखं नाही म्हणून हाताने लिहितेय. पानांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, म्हणजे आजच मिळतील. सावकाश वाच आणि मुग्धालाही वाचायला दे.

तू सांगितलेले आकडे मी कागदावर मांडले. रेवाच्या पहिल्या दिवाळसणाला अनिकेतरावांची अंगठी ६८,०००. तिच्या सासरच्या मंडळींचे कपडे, राम मारुती रोडवरून, ४१,०००. आईचा फ्रीज ३४,०००. मिठाई, सुकामेव्याचे डबे आणि पाडव्याला सगळ्यांचं बाहेर जेवण, मिळून १५,०००. एकूण १,५८,००० रुपये. यातली एकही गोष्ट तू स्वतःसाठी घेतलेली नाहीस. जुना फ्रीज पाणी गाळतो हे तर आईकडून मी दोन वर्षं ऐकत होते. तेव्हा खर्च का केलास, असं मी तुला विचारणार नाही.

माझी झोप उडवली ती तुझ्या एका वाक्याने: "मिनिमम भरतोय ना ताई, मग काळजी नाही." मंदार, काळजी तिथेच आहे. तुझ्या कार्डाचं व्याज महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के. १,५८,००० वर महिन्याचं व्याज झालं सुमारे ५,७००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी हजारभर. हे झाले ६,७००. तू भरतोस मिनिमम, बिलाच्या ५ टक्के, म्हणजे ७,९००. यातून मुद्दल उतरतं जेमतेम बाराशे रुपयांनी. आणि हे सगळं कार्डावर नवीन काहीच घेतलं नाही तर. तू तर किराणा आणि पेट्रोलही त्याच कार्डावर टाकतोयस.

तो किराणा आजपासून थांबव. बिल पूर्ण भरणाऱ्याला जे ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात, ते मागची बाकी असलेल्याला मिळत नाहीत. आज घेतलेल्या तेलाच्या डब्यावर आजपासूनच व्याज लागतं. आणि पूर्ण बिल चुकलं की व्याज देय तारखेपासून मोजत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून मोजतात. म्हणून डिसेंबरच्या बिलात व्याजाचा आकडा बघून तू चक्रावलास. त्यात ऑक्टोबरपासूनचे दिवस होते. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड कितीतरी वर्षं लांबेल, अशी सूचना प्रत्येक बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलंय. तुझ्या बिलावरही असेल, बारीक अक्षरांत. काढून वाच.

एवढं व्याज घेणं कायद्यात बसतं का, असं तू विचारलंस. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे त्या आशेवर थांबू नकोस.

आता मी तुला कधीच न सांगितलेली गोष्ट. २०१७ च्या डिसेंबरात मी तीन वर्षांनी ठाण्याला आले होते, आठवतं? चार बॅगा, प्रत्येक २३ किलोची. तुझा टॅब्लेट, बाबांचे बूट, आईचं अत्तर, मावश्यांच्या पर्स, सोसायटीतल्या मुलांची चॉकलेटं. ब्लॅक फ्रायडेच्या सेलमध्ये मी रांगेत उभी राहून ते घेतलं होतं. तीन वर्षं घरी गेले नाही याची भरपाई त्या बॅगांतून होईल असं मला मनापासून वाटत होतं. परत आले तेव्हा दोन कार्डांवर मिळून ४,९०० डॉलर आणि एका दुकानाच्या कार्डावर १,४०० डॉलर देणं होतं.

दुकानाच्या कार्डावर लिहिलं होतं, वर्षभरात पूर्ण फेडलंत तर व्याज नाही. मी दर महिन्याला शंभर डॉलर भरत गेले. वर्ष संपलं तेव्हा दोनशे उरले होते. पुढच्या बिलात त्यांनी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम लावलं, दोनशे डॉलरच्या वर. "पूर्ण" या शब्दाचा अर्थ तेव्हा मला कळला. तुमच्याकडे नो कॉस्ट ईएमआयच्या जाहिराती असतात, त्यांच्या अटी वाचताना हे लक्षात ठेव.

इथे २००९ च्या कायद्यामुळे प्रत्येक बिलावर एक चौकट छापलेली असते. नुसतं मिनिमम भरलं तर कर्ज किती वर्षांत फिटेल आणि तीन वर्षांत संपवायचं असेल तर महिन्याला किती भरावं लागेल, हे शेजारी शेजारी. माझ्या ३,२०० डॉलरच्या कार्डावर तीन वर्षांसाठी महिना १२२ डॉलर लिहिलं होतं. आणि मिनिमम भरलं तर लागणाऱ्या वर्षांचा आकडा दोन अंकी होता. ती चौकट मी हाताने झाकून बिल फाइलमध्ये लावत असे. समीरला त्यातल्या एका कार्डाचा पत्ताच नव्हता. तुझ्या गॅलरीतल्या आवाजात मला माझा तेव्हाचा आवाज ऐकू आला.

शेवटी मी एका ना-नफा संस्थेच्या सल्लागार बाईंना फोन केला. इथे अशा संस्था आहेत. नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट काउन्सेलिंग हे त्यांचं जाळं १९५१ पासून चालतं. त्या बाईंनी आधी व्याजाचा दर विचारला नाही. सगळी बिलं टेबलावर मांडा आणि नवऱ्याला शेजारी बसवा, मग पुन्हा फोन करा, म्हणाल्या. ती संध्याकाळ फार कठीण गेली. पण त्यानंतर सोळा महिन्यांत सगळं फिटलं. जास्त व्याजाचं कार्ड आधी, दुसऱ्यावर तेवढे दिवस फक्त मिनिमम, आणि मार्चमध्ये आलेला टॅक्सचा परतावा पूर्णच्या पूर्ण कार्डात. आईचं ते अत्तर अजून कपाटात तसंच आहे, सील न फोडलेलं. "जपून ठेवलंय," म्हणते.

आता बाबांबद्दल. तू म्हणालास, त्यांना कळलं तर ते आतून खचतील. मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. माझा दिवाळसण २०१३ चा. समीरला गोफ घातला होता, तू तेव्हा कॉलेजात होतास. त्या गोफासाठी बाबांनी वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या क्रेडिट सोसायटीतून ४०,००० रुपये काढले होते आणि वीस महिने पगारातून हप्ता कापला गेला. हे त्यांनी मला २०१९ मध्ये सांगितलं, इथे आले होते तेव्हा, संध्याकाळी फिरताना. सांगताना त्यांनी आवाज खाली केला नव्हता. आईला माहीत होतं, सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत होतं, शेजारच्या मशीनवरच्या माणसाला माहीत होतं. कर्ज त्यांनीही काढलं होतं, पण ते सगळ्यांसमोर होतं. मी मात्र दिवाळसणाची ती पद्धत तशीच पुढे चालू दिली आणि रेवाच्या वेळी "नीट करा हं सगळं" असं तुला फोनवर बजावलं. त्यातला माझा वाटा मला टाळता येत नाही.

बाबांची निवृत्तीची दोन लाखांची एफडी आहे, सात टक्क्यांची. ती मोडायची गरज नाही. एफडीवर बँका कर्ज देतात, ठेवीच्या साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत, आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. नऊ टक्के धर. महिना १३,८०० चा हप्ता ठेवलास तर वर्षात फिटेल आणि व्याज जाईल आठ हजारांच्या आत. तेच १३,८०० कार्डात भरत राहिलास तर सोळा महिने लागतील आणि व्याज-जीएसटी मिळून सुमारे ६३,००० जातील. जवळजवळ दुसरी अंगठी.

बाबांना हे नको असेल तर बँकेला फोन करून कार्डाच्या थकलेल्या रकमेचे हप्ते पाडून घे. त्याचा दर कार्डापेक्षा बराच कमी असतो, पण प्रोसेसिंग फी आणि जीएसटी धरून एकूण किती होतं ते लेखी मागव. ऑफिसातला मित्र सुचवतो ते झटपट कर्जाचं अ‍ॅप नको. दुसऱ्या कार्डावरून एटीएममधून रोख काढून हे भरणंही नको; रोखीवर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी. घोडबंदर रोडच्या फ्लॅटसाठी वर्षभरात गृहकर्ज घ्यायचंय ना तुम्हाला? मिनिमम भरल्याने सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, थकबाकीदार दिसणार नाहीस, पण कार्डाची मर्यादा अशी काठोकाठ वापरलेली असली की स्कोअर उतरतो. बँक तेही बघते.

मी पैसे पाठवणार आहे. ५०,००० रुपये, फेब्रुवारीत. पण बाबांना सांगितल्यावरच, आधी नाही. गुपचूप पाठवले तर या घरात आणखी एक गुपित वाढेल आणि ते माझ्या नावावर असेल. रेवाला मात्र काही सांगू नकोस. दिलेल्या अंगठीचा हिशेब तिच्या कानावर जायला नको.

आणि बुधवारी तिची पहिली संक्रांत. अनिकेतरावांना चांदीच्या वाटीत तिळगूळ द्यायचा तुझ्या मनात आहे, हे मुग्धाकडून कळलं. या वर्षी चांदी नको. हलव्याचे दागिने आई स्वतः करते आहे, तिच्या हातचा हलवा किती काटेरी होतो ते ठाण्यात सगळ्यांना माहीत आहे. काळी साडी जांभळी नाक्याला जाऊन घ्या, रोख पैसे देऊन. तेवढं पुष्कळ आहे.

परवा भोगी. बाबा तलावपाळीवरून फिरून आले की सकाळी नऊला मला व्हिडिओ कॉल कर, इथे सोमवारी रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील. तिन्ही बिलं प्रिंट काढून समोर ठेव. सुरुवात मी करते, माझ्या २०१७ पासून. मग तू बोल.

आईला नमस्कार. तिला म्हणावं, ते अत्तर आता उघड, संक्रांतीला लाव.

तुझी,
ताई

ता. क. २२ तारखेची देय तारीख विसरू नकोस. एफडीवरचं कर्ज तोवर झालं नाही तर मिनिमम तरी २० तारखेलाच भर. आणि मोबाइलमधल्या सगळ्या अ‍ॅपवरून कार्डाचा नंबर आजच काढून टाक.