वाती वळणारे हात

संपादक साहेब,
21 सप्टेंबरला अल्झायमर दिन आला की आजाराबद्दल सगळे लिहितात पण त्या माणसानं घरात दिवसभर करायचं काय हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. माझ्या आईला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, सकाळी काय खाल्लं आठवत नाही पण कापूस हातात दिला की वाती अगदी बरोबर वळते, हाताची सवय मेंदूत वेगळीकडे साठते आणि बऱ्याचदा उशिरा जाते. मटार सोलते, टॉवेलच्या घड्या घालते, आरतीला टाळ्या वाजवते. आधी मी सगळं तिच्या हातातून काढून घ्यायचे, चुकलंच माझं. घडी वाकडी झाली तर होऊदे, आणि "आठवतंय का" असं सारखं विचारू नका प्लीज. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात आठवड्याला दोन तास तरी अशांसाठी ठेवा ना.
- एक मुलगी, पुणे