पाठीमागच्या काचेतून घड्याळात काय पाहावे

संपादक महोदय,

भारत आणि ‘एफ्टा’ (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिकटेनस्टाइन) देशांमधला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे महागड्या यांत्रिक घड्याळांवर मराठी दैनिकांच्या पुरवण्यांत यापुढे आणखी छापून येईल. मात्र आजवरच्या अशा मजकुरात किंमत, सोने, हिरे आणि कोणत्या नटाच्या मनगटावर ते दिसले, एवढेच असते. आतल्या मशीनबद्दल ‘हाताने सजवलेले’ असे म्हणून विषय संपतो. हे विशेषण लाखभराच्या घड्याळालाही लावले जाते आणि पन्नास लाखांच्याही. दोहोंतला फरक गिऱ्हाईकाला स्वतः ओळखता येतो. त्यासाठी सराफाकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक दिवा पुरतो.

घड्याळाच्या पाठीमागच्या काचेतून पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या ब्रिजवरच्या, म्हणजे चाके जागेवर धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरच्या, समांतर लाटा. त्यांना जिनिव्हा स्ट्राइप्स म्हणतात. फिरत्या चकतीखालून ब्रिज सरकवून ही नक्षी काढतात. मशीनवर ती झटपट होते, त्यामुळे बाजारात तयार मिळणाऱ्या साध्या मशीनवरही ती असते. तिच्यावरून दर्जा ठरवू नये. फार तर एवढे पाहावे, की एका ब्रिजवरची रेघ मधली फट ओलांडून शेजारच्या ब्रिजवर नेमकी जुळते का.

खरी परीक्षा ब्रिजच्या कडेला असते. वरचा पृष्ठभाग आणि उभी बाजू जिथे मिळतात तिथली धार कानशीने ४५ अंशांत उतरवतात आणि त्या उताराला आरशासारखे पॉलिश करतात. आधी कानस, मग बारीक दगड, मग हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट लावलेली लाकडी काडी असा क्रम असतो. जुरा डोंगरात उगवणाऱ्या जेन्शियन या वनस्पतीचे वाळलेले देठ या कामासाठी आजही वापरतात, कारण त्याचा गाभा मऊ असून पेस्ट धरून ठेवतो. बाहेर आलेला कोपरा फिरत्या हत्याराने करता येतो. आत वळणारा कोपरा मात्र येत नाही. फिरत्या हत्याराला स्वतःची गोलाई असते, म्हणून ते कोपऱ्यात पोचले की कोपराही गोल होतो. दोन उतार आतल्या कोपऱ्यात एका टोकदार रेषेवर मिळालेले दिसले, तर ते काम माणसाच्या हाताचे. तिथे कानस केसभर जास्त चालली की रेषा सरकते, मग दोन्ही उतार पुन्हा रुंद करावे लागतात. ब्रिजची रुंदी तेवढी उरली नसेल तर तुकडाच बाद होतो. त्यामुळेच अलीकडे अनेक कंपन्या ब्रिजची आखणीच आतले कोपरे टाळून करतात. अशा मशीनची कड चकचकीत असते, रुंदीही सगळीकडे सारखी असते, पण भिंगाखाली कटरच्या बारीक समांतर रेघा दिसतात. स्वित्झर्लंडच्या व्हाले द जू खोऱ्यातले घड्याळजी फिलिप ड्यूफूर यांचे ‘सिम्प्लिसिटी’ हे तीन काट्यांचे साधे घड्याळ जगभर नावाजले गेले ते अशा कडांमुळे.

दुसरी खूण पोलादी भागांवर असते. कथलाच्या सपाट पाटावर हिऱ्याची बारीक पेस्ट लावून पोलाद घासत राहिले की त्याचा पृष्ठभाग इतका सपाट होतो की प्रकाश एकाच दिशेला परततो. घड्याळ जरासे कलते केले की तोच भाग पांढऱ्याचा एकदम काळा होतो, मधली करडी छटा दिसत नाही. याला ब्लॅक पॉलिश म्हणतात. पाटावर धुळीचा एक कण आला की ओरखडा उठतो आणि काम पहिल्यापासून करावे लागते. बोटाचा दाब एका बाजूला जास्त पडला तर कडा गोल होतात.

निळे स्क्रू हा तर फसवणुकीचा सर्वांत सोपा भाग आहे. खरा निळा रंग हा तापवलेल्या पोलादावरच्या ऑक्साइडच्या थराचा असतो. आधी पॉलिश करून, तेलाचा अंशही राहू न देता, स्क्रू पितळी किसाच्या तबकात तापवतात. रंग फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा असा बदलत साधारण २९० ते ३०० अंश सेल्सिअसला गडद निळा होतो. क्षणभर उशीर झाला की तो फिका पडून करडेपणाकडे जातो, मग घासून पुन्हा सुरुवात करायची. बोटाचा ठसा राहिला असेल तर तिथे डाग उमटतो. असा स्क्रू एका कोनातून काळा आणि दुसऱ्यातून निळा दिसतो. रंग चढवलेला स्क्रू बहुधा सगळीकडून एकसारखा भडक निळा असतो.

ही सगळी निव्वळ शोभा नव्हे. कड उतरवली की कापताना राहिलेली धातूची कूस निघते, एरवी ती कधीतरी सुटून चाकांच्या दात्यांत जाते. चाकाच्या आसाचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक असते. ते घोटून गुळगुळीत केले की पृष्ठभाग कडक होतो आणि ते ज्यात फिरते त्या माणकाच्या (कृत्रिम रत्नाच्या) भोकात घर्षण कमी होते. जिनिव्हाच्या १८८६ च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘प्वाँसों द जनेव्ह’ या दर्जाच्या शिक्क्याच्या जुन्या नियमांत चाकांच्या कडा दोन्ही बाजूंनी उतरवण्याची अट होती. ०.१५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ चाकांना एका बाजूची सूट होती. साध्या तारेच्या स्प्रिंगला मनाईच होती.

तरीही सजावट म्हणजे अचूकता नव्हे. अचूकतेसाठी ‘सीओएससी’ या स्विस संस्थेची वेगळी चाचणी आहे. ती १५ दिवस, ५ स्थितींत आणि ३ तापमानांत होते, आणि दिवसाचा सरासरी फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत राहावा लागतो. घरच्या कपाटात पडलेले १७ माणकांचे ‘एचएमटी जनता’ तासाला १८,००० ठोक्यांनी चालते आणि त्यात नक्षी जवळपास नाही. नीट साफ करून तेल घातले तर तेही रोजच्या वापरापुरती वेळ व्यवस्थित दाखवते.

खरेदीनंतरची काळजी तर कोणीच लिहीत नाही. मापापेक्षा लहान पेचकस स्क्रूची खाच फाडतो. तो घसरून ब्रिजवर ओरखडा उमटला तर तेवढाच भाग दुरुस्त होत नाही, पूर्ण ब्रिजवर नक्षी पुन्हा काढून मुलामा द्यावा लागतो. गंज काढण्याच्या आम्लयुक्त द्रावणात स्क्रूचा निळा रंग उतरतो. जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, काही जर्मन घड्याळांत मुलाम्याशिवाय वापरतात. त्यावर उघडे बोट लागले तर डाग कायमचा राहू शकतो. जर्मनीतल्या ग्लासह्युट गावच्या ‘ए. लांगे उंड झ्योने’ कंपनीत प्रत्येक मशीन दोनदा जुळवतात. आधी जुळवून तपासतात, मग सगळे सुटे करून अखेरची सजावट आणि सफाई करतात आणि पुन्हा जोडतात. एवढ्या मेहनतीचे मशीन रबरी बोटमोजे न घालता उघडणाऱ्याच्या हाती देऊ नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी मुकुटाचे, म्हणजे चावी देण्याच्या गोल बटणाचे, आणि मागच्या झाकणाचे रबरी वायसर तपासून घ्यावेत, कारण ओल बहुधा चावीच्या दांड्यातून शिरते आणि गंज आधी तिथल्याच पोलादी भागांना लागतो.

आपल्या पुरवणीत यापुढे अशा घड्याळावर लेख येईल तेव्हा किमतीसोबत मशीनचा क्रमांक, ते कंपनीने स्वतः बनवले की बाहेरून घेतले, त्यावर कोणता शिक्का आहे आणि ते भारतात कुठे उघडून दुरुस्त होते, ही माहितीही छापावी. पाठीमागचा एक फोटो जवळून काढलेला असावा, ज्यात ब्रिजचे कोपरे दिसतील.

— घड्याळ दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक, पुणे