परचेस खात्याला नुसतं दर पाडायला बसवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या कारखानदारीबद्दल पेपरात काही आलं की बहुतेक रस्ते, हेस्कॉमची लाईट आणि नवीन औद्योगिक वसाहतीला जागा एवढंच येतंय. ते प्रश्न खरे आहेतच, पण आमच्यासारख्या छोट्या मशीन शॉपवाल्याचा, फौंड्रीवाल्याचा (ओतकाम करणाऱ्याचा), पॅटर्न म्हणजे ओतकामाचा नमुना करणाऱ्याचा जीव खरा अडकतोय तो मोठ्या कंपन्यांच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये, आणि त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही कारण सगळ्यांचंच पोट त्या ऑर्डरवर आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती, कुठल्याही शेडमध्ये जावा आणि मालकाला विचारा, हेच ऐकायला मिळेल.

आता दराचंच बघा. आमच्याकडं एका कंपनीचं पंपाचं हाउसिंग मशीनिंगला येतंय, कास्टिंग म्हणजे ओतलेला भाग त्यांचा, काम आमचं. तीस किलोचा जॉब. परचेसवाल्यांनी जुनी फौंड्री सोडून दुसरीकडं किलोमागं चार रुपये कमीनं कास्टिंग घेतलं, म्हणजे एका नगामागं १२० रुपये वाचले आणि त्यांच्या महिन्याच्या रिपोर्टात ते सेव्हिंग म्हणून दिसलं. इकडं आमच्या मशीनवर काय झालं तर रफिंग झालं, फेस झाला, होल झाले, टॅपिंग झालं, आणि बोअरला म्हणजे मधल्या भोकाला शेवटचा फिनिश कट मारताना आतमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली हवेची पोकळी, उघडलं. नगामागं सातशे रुपयाचं मशीनिंग तिथंच वाया. पाच नगांत सहाशे वाचले आणि त्यातला एक नग गेला की सातशे गेले, हिशेब सातवीतल्या पोराला पण जमेल, पण परचेसच्या कागदावर ते सातशे कधी येतच नाहीत. ते येतात क्वालिटीच्या कागदावर, नाहीतर डेबिट नोट (बिलातनं पैसे कापल्याचा कागद) होऊन आमच्याच डोक्यावर.

यात परचेसच्या माणसाला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला वरून टार्गेटच तसं दिलेलं असतंय की यंदा एवढे टक्के कॉस्ट डाऊन करून दाखव. तो बिचारा जे मोजलं जातंय तेच करणार. मोजायचं काय हे ठरवणारा वर बसलाय, एमडी असो, प्लांट हेड असो, नाहीतर फॅमिली बिझनेसमधला थोरला भाऊ असो, तो निर्णय त्याचा आहे. डेमिंग नावाच्या अमेरिकन माणसानं, ज्याच्याकडनं जपान्यांनी क्वालिटीचे धडे घेतले, आपल्या चौदा मुद्द्यांतला चौथा मुद्दा हाच सांगितला होता, की नुसत्या किमतीच्या चिठ्ठीवर ऑर्डर देणं बंद करा, एकूण खर्च बघा आणि सप्लायरबरोबर लांबचं, भरवशाचं नातं ठेवा. आपल्याकडच्या कंपन्यांच्या भिंतीवर क्वालिटी पॉलिसीचे बोर्ड आहेत, पण ऑर्डर देताना तो चौथा मुद्दा कोणाला आठवत नाही.

दुसरं म्हणजे प्रोजेक्टच्या तारखा. नवीन मॉडेल कधी बाहेर काढायचं ती तारीख वरच्या मिटिंगमध्ये ठरते, मग डिझाइनवाले आपला वेळ घेतात, ड्रॉइंग तीनदा बदलतंय, टेस्टिंगला उशीर होतोय, आणि हा सगळा गेलेला वेळ शेवटी कुणाच्या वाट्याचा कापायचा तर सप्लायरच्या. लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी शोधायला निघावं तसं पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, हातात पडतंय आणि खाली लिहिलेलं असतंय अर्जंट. अहो, पॅटर्न करायला वेळ लागतोय, आतली पोकळी ठेवायला कोअर बॉक्स लागतोय, पहिलं सॅम्पल ओतायचं, मापं घ्यायची, कापून बघायचं, कंपनीकडनं ॲप्रूव्हल यायचं, मग मशीनवर जॉब धरायचं फिक्स्चर, मग लॉट. यातलं एक पण काम फोनवर ओरडून लवकर होत नाही. एकदा आमच्या शेजारच्या पॅटर्नवाल्यानं रिव्हिजन बी प्रमाणं ॲल्युमिनियमचं पॅटर्न पुरं केलं, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिव्हिजन सी आली, फ्लँजची जाडी बदललेली. नवीन पीओ नाही, खर्चाचं नाव नाही, तारीख मात्र तीच. ड्रॉइंग फ्रीज म्हणजे पक्कं झाल्याशिवाय सप्लायरची तारीख सुरू होत नाही, एवढी एक ओळ पीओत आली तरी निम्मी भांडणं मिटतील.

आणि चांगलं काम करणारे पण आहेत, ते सांगितलंच पाहिजे. एका कंपनीचा परचेसचा तरुण इंजिनीअर ड्रॉइंग अजून कच्चं असतानाच डिझाइनवाल्याला घेऊन आमच्या शेडमध्ये आला. आमच्या ऑपरेटरनं, जो दहावीपर्यंत शिकलाय पण जॉब हातात घेतला की कुठं अडकणार ते सांगतोय, त्यानं दाखवलं की साहेब इथं क्लॅम्प धरायला जागाच नाही, एक छोटा पॅड वाढवा. त्यांनी वाढवला. दोन सेटिंगचं काम एका सेटिंगमध्ये बसलं, रेट कमी झाला, आणि आमचा नफा पण कमी झाला नाही. ह्याला मी खरी खरेदी म्हणतो, आणि हे व्हायला परचेसचा माणूस आणि निदान मुख्य दोन-तीन सप्लायर प्रोजेक्टच्या पहिल्या मिटिंगला बसायला पाहिजेत, शेवटच्या नव्हे.

आता पैशाचं. इथं जरा सविस्तर लिहितो कारण आपल्या बऱ्याच लोकांना कायदाच माहीत नाही. एमएसएमई कायदा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा, २००६ चा आहे. त्यातलं कलम १५ सांगतंय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढं थांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की कलम १६ प्रमाणं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. दिवस कधीपासून मोजायचे यावरच सगळा खेळ चालतोय. माल गेटवर पोचतोय, इनवर्डचा शिक्का बसतोय, पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची कंपनीची नोंद, होत नाही. विचारलं की म्हणतात क्वालिटीत पेंडिंग आहे, मग महिनाअखेर, मग पुढच्या सायकलमध्ये. कायद्यात असलं काही नाही. माल पोचल्याचा दिवस धरायचा, आणि काही तक्रार असेल तर ती १५ दिवसांच्या आत लेखी द्यायची, नाहीतर माल स्वीकारला असंच समजतात. ह्या दरम्यान आम्हाला त्या बिलावरचा जीएसटी भरावाच लागतो, पैसे आलेले असोत नसोत, पगार द्यावा लागतोय, बँकेचा हप्ता जातोय.

१ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरात ४३बी(एच) हे कलम पण लागू झालं. म्हणजे कंपनीनं सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ह्या मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी पैसे देतील त्या वर्षी मिळेल. त्यामुळं मार्च जवळ आला की मोठ्या ऑफिसातनं स्वतःहून फोन येतात, हा फरक मी डोळ्यानं बघितलाय. पण एका ठिकाणी आम्हाला उलट विचारलं गेलं की तुम्ही उद्यम नोंदणी (लहान उद्योग असल्याची सरकारी नोंदणी) दाखवायची गरज आहे का. हे ऐकून फार वाईट वाटलं. उद्यम नोंदणी ही आमच्याकडची एकमेव ढाल आहे, ती पण खाली ठेवायला सांगायचं का?

तक्रार करायला २०१७ मध्ये सरकारचं समाधान पोर्टल सुरू झालं. तक्रार केली की प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडं, म्हणजे असे पैशाचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडं जातंय, आणि महत्त्वाचं म्हणजे घेणारा पुण्याचा असो की चेन्नईचा, सप्लायर जिथला आहे तिथल्या कौन्सिलपुढं केस चालते. निकाल सप्लायरच्या बाजूनं लागला आणि कंपनीला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायदा चांगला आहे. पण तक्रार केली की दुसऱ्या दिवसापासून ऑर्डर बंद, ही भीती कुठलं पोर्टल काढणार? म्हणून कायद्याच्या बरोबरीनं कंपनीच्या वरच्या माणसाची नियत लागते. ट्रेड्सचा, म्हणजे बिलावर बँकेकडनं आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेचा, मार्ग पण आहे, तिथं कंपनीनं बिल मान्य केलं की बँक आम्हाला आधीच पैसे देते आणि पुढं कंपनीनं बँकेला दिले नाहीत तरी आमच्या मागं लागत नाही. फक्त बिल वेळेवर मान्य करायला तर हवं ना, परत गाडी जीआरएनवर येऊन थांबते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावातच सायकलच्या दुकानानं सुरुवात केली होती आणि पुढं इथली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जागा आणि पाठबळ दिलं, त्यातनं १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. छोट्या कारखानदाराच्या पाठीशी मोठ्यानं उभं राहायचं ही आपल्याच भागातली गोष्ट आहे, बाहेरनं शिकायची गरज नाही.

संपादक साहेब, माझी तुम्हाला दोन गोष्टींची विनंती आहे. एक, आपल्या पेपरात ही कलमं, तक्रारीचा ऑनलाइन अर्ज कसा भरायचा आणि कुठले कागद लागतात, पीओ, चलन, बिल, मालाची पोच, हे सगळं सोप्या मराठीत छापा. खानापूर, निपाणी, चिकोडीकडं कितीतरी छोटे कारखानदार आहेत ज्यांना इंग्रजी किंवा कन्नड सरकारी कागद वाचताना अडचण होते आणि मग ते सगळं अकाउंटंटवर सोडून देतात. दुसरं, इथल्या उद्योजक संघटनांनी आणि जिल्हा उद्योग केंद्रानं मिळून वर्षातनं निदान एकदा कंपन्यांच्या परचेस हेडना आणि त्यांच्या वरच्या साहेबांना बेळगावात बोलवावं, हॉटेलच्या हॉलमध्ये भाषणाला नव्हे, उद्यमबागेतल्या शेडमध्ये. त्यांच्याच पार्टवर मशीन चालू असताना तिथंच उभं राहून रेट, तारीख आणि पेमेंट यावर बोलणं व्हावं. तशी बैठक ठरली तर माझी शेड त्यासाठी मोकळी आहे.

आपला नियमित वाचक,
एक मशीन शॉप चालक,
उद्यमबाग, बेळगाव