ध्वनिकार्डाची परवानगी सरसकट खुली करू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर आमच्या रामबाग परिसरातील काही मराठी कुटुंबांनी जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवून घेतली, हे स्वागतार्हच आहे. मात्र एकाच संगणकावर आजोबांच्या खात्यात आवाज येतो आणि नातवाच्या खात्यात ‘डमी आउटपुट’ (नावापुरते, आवाज न देणारे साधन) एवढेच दिसते, अशी तक्रार आली की दुरुस्तीला येणारी मंडळी ध्वनिकार्डाच्या, म्हणजे आवाज व मायक्रोफोन हाताळणाऱ्या भागाच्या, फायली (लिनक्समध्ये कार्डापर्यंत पोहोचण्याची दारे) सर्वांना खुल्या करून देतात किंवा प्रत्येकाला ‘ऑडिओ’ गटात, म्हणजे ध्वनिकार्ड वापरण्याची मुभा असलेल्या खात्यांच्या यादीत, घालतात. हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत.

ज्याचे खाते पडद्यावर चालू असेल त्यालाच ध्वनिकार्ड वापरण्याची परवानगी देण्याचे आणि खाते बदलताच ती काढून घेण्याचे काम आजच्या बहुतेक लिनक्समध्ये ‘सिस्टमडी-लॉगिनडी’ ही खात्यांचा प्रवेश सांभाळणारी यंत्रणा करते. गटाचा सदस्य असलेल्याची परवानगी मात्र कायम राहते. त्यामुळे त्याने गाणे चालू ठेवून खाते बदलले, तर कार्ड त्याच्याच ताब्यात अडकून पुढच्याला आवाज मिळत नाही, आणि मायक्रोफोनही त्याला केव्हाही उघडता येतो. फायली सर्वांना खुल्या केल्यास हीच मुभा संगणकावरील प्रत्येक खात्याला मिळते. शिवाय संगणक पुन्हा सुरू होताच त्या फायली नव्याने तयार होत असल्याने तो बदल टिकतही नाही. गटात घालताना ‘युजरमॉड’ या खात्याचे गट बदलणाऱ्या आज्ञेतील ‘-ए’ हा पर्याय राहून गेला, तर माणूस इतर गटांतून, अगदी प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या ‘सुडो’ गटातूनही, बाहेर फेकला जातो.

खरे तर आधी दोष परवानगीचा आहे का, हे पाहावे. ‘एप्ले -एल’ (aplay -l) ही ध्वनिकार्डांची यादी दाखवणारी आज्ञा आपल्या खात्यातून व नंतर ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवावी. कार्ड फक्त ‘सुडो’ लावल्यावरच दिसले तर दोष परवानगीचा, दोन्ही वेळा दिसले नाही तर शोध ड्रायव्हरकडे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रणालीकडे, वळवावा. परवानगीचाच दोष असेल, तर ‘गेटएफएसीएल’ या आज्ञेने कार्डाच्या फायलींच्या परवानगी-यादीत आपले नाव आहे का आणि ‘लॉगिनसीटीएल’ या आज्ञेने आपले सत्र (खात्यातला चालू प्रवेश) सक्रिय आहे का, हे तपासावे.

हा आग्रह केवळ गाण्यांसाठी नाही. दृष्टिहीन व्यक्ती ‘ऑर्का’ या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आधारे संगणक वापरते, आणि आवाज गेला की तिच्यासाठी पडदाच गेलेला असतो. म्हणून लिनक्स बसवून देणाऱ्यांना माझी विनंती आहे की संगणक सुपूर्द करण्यापूर्वी प्रत्येक खात्यात प्रवेश करून, एकातून दुसऱ्यात जाऊन, आवाज व मायक्रोफोन दोन्ही त्यांनी घरच्यांसमोर तपासून द्यावेत.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर