पहिलीच्या पोराला टाय कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या की सकाळी घरोघरी रडारड सुरू होते, आणि सगळं खापर पोराच्या हट्टावर फुटतं. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला गारमेंटच्या कारखान्यात शिलाईकाम करते, शाळेचे गणवेशच शिवते. त्यामुळे सांगते, निम्मा दोष कपड्याचा असतो.

नवा शर्ट उलटा करून मानेमागे बोट फिरवून बघा. नायलॉनचं लेबल, त्याची कडक कड. कॉलरमध्ये कॅनव्हास, म्हणजे आतलं कडक अस्तर. काखेत ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाच्या कडा बांधणारी जाड शिलाई. आपल्या कातडीला काही वाटत नाही, सहा वर्षांच्या पोराला ते दिवसभर टोचतं. वर कापडात पॉलिस्टर जास्त, कारण स्वस्त पडतं आणि चुरगळत नाही. सोलापूरच्या उन्हात ते घाम टिपत नाही, हे मात्र ऑर्डर देताना कुणी विचारत नाही.

लेबल कात्रीने कापू नका. उरलेला तुकडा जास्त टोचतो. ब्लेडने टाके उसवून ते मुळापासून काढा. नवा गणवेश दोन-तीनदा धुऊन मगच घाला, म्हणजे खळ जाते. नव्या काजातून बटण आदल्या रात्रीच काढ-घाल करून ठेवलं की काज सैल पडतं. माझ्या नातवाचं हाफ पँटच्या हुकाशी रोज भांडण व्हायचं. हूक काढून मागे इलास्टिक घातलं. आता पँट तो स्वतः चढवतो, आणि सूनबाईंचा आवाज शेजारी जात नाही. मोजे कुठले ते त्यालाच निवडू देतो, तेवढ्यावर स्वारी खूश असते.

चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असं शासनाने २०२४ साली सांगितलं. चांगलंच केलं. पण टाय, बेल्ट, लेसचे बूट तसेच राहिले तर मिळालेला वेळ त्यातच जायचा. पांढऱ्या गणवेशाचं तर बोलूच नये. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात तो कुणाला सुचला कोण जाणे!

देशभरातल्या शाळांचे गणवेश आपल्या गावात शिवले जातात. सॅम्पल पास करताना शाळांनी ते पहिलीतल्या एका पोराच्या हातात द्यावं. मोठ्यांच्या मदतीशिवाय त्याला घालता आलं, तरच ऑर्डर द्यावी. इलास्टिक लावायला आम्हाला फार वेळ लागत नाही.

आपली,
एक शिलाई कामगार आजी, सोलापूर