कृषिमंत्र्यांना खुले पत्र: पीक वाढेल, पण रान कोण राखणार?

मा. कृषिमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

हेक्टरी उत्पादन वाढवले की जंगलावरचा ताण आपसूक उतरतो, असे कृषी खाती वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. यातले अर्धे मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

1961 नंतर जगातले धान्य तिपटीहून अधिक वाढले, पण त्याखालचे क्षेत्र जेमतेम 10 ते 15 टक्क्यांनी. जुन्याच उताऱ्याने एवढे पिकवायचे तर केवढे रान नांगराखाली गेले असते! सेंद्रिय शेतीचा उतारा पिकागणिक बदलतो, तरी सरासरीने तो 20 ते 25 टक्के कमी भरतो. ही तूट भरायला जास्तीची जमीन लागते. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात माघार घेतली. तोवर भाताचे नुकसान व्हायचे ते झालेच.

वन्यजीवांच्या बाजूने पाहिले तरी कौल फारसा वेगळा नाही. बेन फेलन व सहकाऱ्यांनी घाना आणि उत्तर भारतातल्या पक्ष्यांचा नि झाडांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला. थोड्या जमिनीवर जोमाने पिकवावे आणि बाकीचे रान अखंड सोडावे, हेच बहुसंख्य जातींना मानवते असे त्यात दिसले. बांधावरच्या चार झाडांवर ज्यांचे भागते, अशा जाती मोजक्याच.

पण उतारा वाढला म्हणून कोणता शेतकरी आपली जमीन रानाला परत देतो? का द्यावी त्याने? हेक्टरी नफा वाढला, आणि माल कितीही खपत असला, तर तो आणखी जमीन फोडणार. कोळसा कमी जाळणारी यंत्रे आली की एकूण कोळसा उलट जास्तच जळतो, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्येच सांगून ठेवले होते. सोयाबीन आणि पाम तेलाच्या बाबतीत तोच धोका आहे.

म्हणून ब्राझीलकडे नीट पाहावे. 2004 मध्ये ॲमेझॉनचे सुमारे 27,800 चौरस किलोमीटर जंगल तुटले. 2012 मध्ये हा आकडा 4,600 च्या आसपास आला. त्या काळात सोयाबीन काही कमी झाले नाही. मग फरक कशाने पडला? उपग्रहावरून तोड दिसू लागली आणि मागोमाग कारवाई झाली. नव्याने तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन घ्यायचे नाही, असे व्यापाऱ्यांनी 2006 मध्ये ठरवले. 2008 पासून तिथल्या शेतकऱ्याला कर्ज हवे तर पर्यावरणाचे नियम पाळल्याचा पुरावा द्यावा लागू लागला. माझ्या मते सगळ्यात मोलाची ही शेवटची अट, कारण ती पैशाच्या नळावरच बसवलेली होती. पुढे पकड सैल झाली आणि तोड पुन्हा वाढली. शेजारच्या सेराडो या विरळ झाडांच्या गवताळ पट्ट्याला (सवानाला) तर एवढे संरक्षण कधी मिळालेच नाही.

तेव्हा मागणी एवढीच: बियाणे, खते, सिंचन आणि कर्ज यांवरची प्रत्येक सवलत त्या भागातले रान शाबूत राहण्याशी बांधा. आज उत्पादनाची योजना आपल्या खात्यात बनते आणि जंगलाची दुसऱ्याच खात्यात. दोन्ही फायली एकमेकींना भेटत नाहीत.

खतांचेही बघा. शेतात टाकलेल्या नत्रापैकी जवळपास निम्मेच पिकाला लागते; उरलेले हवापाण्यात जाते. मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात ऑक्सिजन फार कमी असलेला पट्टा पसरतो, तो मुख्यतः मिसिसिपीतून वाहून आलेल्या खतांमुळे. सघन शेती म्हणजे पोती रिकामी करणे, हा समज अनुदानाच्या रचनेनेच पोसला आहे.

हलक्या हाताने केलेल्या शेतीलाही जागा आहे. चराईवरच टिकलेले जुने गवताळ प्रदेश सघन शेतीखाली आणले, तर तिथले पक्षी आणि फुलझाडे संपतात. अशा जागा नकाशावर आखून तिथल्या पशुपालकांना कमी उत्पन्नाची भरपाई द्यावी.

आणि एक अवघड गोष्ट, जिला हात लावायला कोणताच मंत्री राजी नसतो. जगातल्या शेतजमिनीपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक जमीन चराई आणि पशुखाद्यात गुंतली आहे; माणसाला तिथून मिळतात ते पाचव्या हिश्शाहून कमी उष्मांक. पशुखाद्याच्या पिकांना दिलेली सवलत किती जमीन अडवते, याचा हिशेब येत्या अर्थसंकल्पाआधी आपल्या खात्याने जाहीर करावा, ही विनंती.

आपला,
एक नागरिक