मकचिक, तुमचा एप्रन धुऊन ठेवलाय

मकचिक,

इथे सिंगापुरात मलय मावशींना मकचिक म्हणतात, तीच माझी तुम्हाला हाक. तुम्हाला मराठी येत नाही. हे पत्र माझा लेकच तुम्हाला वाचून समजावेल. पण मनातलं मला दुसऱ्या भाषेत मांडता येत नाही, आणि आपल्या माणसांनीही हे वाचावं असं वाटतं.

त्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, तो फिट येऊन ताटासकट कोसळला आणि माझे हातपायच गळाले. तुम्ही नासी लमाकचा, म्हणजे नारळाच्या भाताचा, गल्ला तसाच टाकून धावत आलात. त्याला कुशीवर वळवलंत, मोबाइलवर वेळ लावलीत, कुणाला त्याच्या तोंडात काही घालू दिलं नाहीत. मला मात्र एकच दिसत होतं. त्याची पँट ओली झाली होती. १४ वर्षांचा मुलगा आणि भोवती एवढी माणसं. तुम्ही कमरेचा एप्रन सोडलात, त्याच्या मांड्यांवर पसरलात आणि कडा नीट खाली खोचल्यात. तो शुद्धीवर आला तेव्हा कुणी काही पाहिलंय, हे त्याला कळलंसुद्धा नाही.

गावी त्याला शाळेत पहिल्यांदा फिट आली, तेव्हा नाकाला चप्पल लावली होती. खिडकीत पोरांची गर्दी. ती ओली चड्डी कितीतरी दिवस पोरांच्या तोंडी होती. शाळेने दाखला काढून न्यायला सुचवलं. डॉक्टरांनी काही न विचारता कार्बामाझेपिन ही फिटवरची गोळी लिहून दिली. दहा-बारा दिवसांत छातीवर पुरळ, तोंडात फोड. फोन केला तर म्हणाले, "उन्हाळा आहे, गोळ्या चालू ठेवा." सासूबाईंनी हट्टाने गोळ्या बंद केल्या. त्यामुळे पोर वाचलं, हे मला सिंगापुरात आल्यावर कळलं.

इथल्या डॉक्टरांनी पुरळाचं ऐकताच रक्त तपासायला पाठवलं. २०१३ पासून इथे ही गोळी नव्याने सुरू करण्याआधी रुग्ण चिनी असो, मलय असो की भारतीय, एचएलए-बी १५०२ हा जनुकाचा प्रकार रक्तात आहे का ते पाहतात. २००४ साली तैवानमध्ये या गोळीने कातडी सोलवटलेल्या ४४ रुग्णांना तपासलं, तर सगळ्यांत तो निघाला. गोऱ्या लोकांत तो क्वचितच सापडतो. माझ्या लेकात निघाला. आता दुसरी गोळी चालू आहे आणि सात महिन्यांत फिट नाही. एका तपासणीची गोष्ट होती हो, एवढंही आमच्याकडे कुणाला सुचलं नाही!

अँब्युलन्समध्ये तुम्ही तुमच्या धाकट्या भावाचं सांगितलंत. लोक त्याच्या आजाराला 'गिला बाबी' म्हणायचे, वेडं डुक्कर. चिनी शेजारी मेंढीचं वेड म्हणायचे. आमच्याकडे तर 'बाहेरचं झालंय' म्हणून भगताकडे नेतात. सगळ्यांनी मिळून या लेकरांना माणसांतून उठवलं. तुमच्या भावाच्या अंगावर तेव्हा कुणी काही पांघरलं होतं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

एप्रन धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. नारळाच्या भाताचा वास अजून थोडा येतोय. तुमच्या हातात मीच देणार, असं लेक म्हणतोय. रविवारी गर्दी ओसरल्यावर येतो आम्ही.